पाणी बदलूनही गोल्डफिशच्या टाकीतले नायट्रेट उतरत नसेल तर

दर रविवारी टाकीतले एक तृतीयांश पाणी न चुकता बदलायचे, तळाचा गाळ सायफन नळीने ओढून काढायचा, आणि तरीही नायट्रेटची चाचणी केली की परीक्षानळीतला रंग गडद लालच दिसायचा, अशी तक्रार आमच्या भागात गोल्डफिश पाळणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. मी स्वतः या चक्रात जवळजवळ दोन वर्षे अडकलो होतो. माझे घर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आहे. टाकी तीन फूट लांबीची असून, खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली तर तिच्यात साधारण १२० लिटर पाणी राहते. त्या पाण्यात तीन गोल्डफिश आहेत. पाणी दिसायला काचेसारखे नितळ होते, विष्ठेतून निघणारा अमोनिया शून्य होता, जिवाणू त्याचे आधी करतात ते नायट्राइट शून्य होते, पण त्यापासून शेवटी उरणारे नायट्रेट १०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली यायला तयार नव्हते. काचेवर हिरवा थर आठवड्याभरात परत चढत असे, मासे दुपारी कोपऱ्यात स्वस्थ बसून राहत, आणि सर्वांत वाईट गोष्ट ही की बाजारातून आणलेला नवा मासा तीन-चार दिवसांत दगावत असे, मात्र जुने मासे वरवर ठीक दिसत. जुन्या माशांना वाढत्या नायट्रेटची हळूहळू सवय झालेली असते आणि नव्याला तोच धक्का एका दिवसात बसतो, त्यामुळे हे लक्षण दिसले की आजार शोधण्याआधी नायट्रेट मोजावे.

या समस्येवर ज्याला विचारावे तो एकच उपाय सांगतो, आणि तो म्हणजे पाणी आणखी बदला. शहरातल्या नळाच्या पाण्यासाठी हा सल्ला बहुधा बरोबर ठरतो. आमच्याकडे टाकीत बोअरचे पाणी पडते, तिथे तो का लागू पडत नाही, हे कळायला मला एक साधी चाचणी पुरेशी झाली असती, आणि तीच मी दोन वर्षे केली नव्हती. टाकीतले पाणी मी पन्नास वेळा तपासले होते, पण टाकीत जे पाणी ओततो ते एकदाही तपासले नव्हते.

म्हणून या दुरुस्तीची सुरुवात बोअरच्या पाण्यापासून करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मोटर सुरू करून पाच मिनिटे पाणी वाहू द्यावे, मग स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा आणि टाकीच्या पाण्याची जशी चाचणी करतो तशीच त्याची करावी. माझ्या बोअरच्या पाण्याची परीक्षानळी रंगपट्टीवरच्या ४० आणि ८० च्या मधल्या रंगावर थांबली. खात्रीसाठी मी तोच नमुना प्रयोगशाळेत दिला, तेव्हा आकडा ६० मिलिग्रॅम प्रति लिटर आला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ठरवलेली मर्यादा ४५ आहे आणि गोल्डफिशच्या टाकीत नायट्रेट शक्यतो ४० च्या आत ठेवावे, असे मानतात. म्हणजे ज्या पाण्याने मी टाकी धुऊन काढू पाहत होतो, तेच मुळात माशांच्या मर्यादेच्या वर होते.

हा केवळ माझ्या बोअरचा दोष नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेट अधिक आढळलेल्या जिल्ह्यांमध्ये वर्धा, अमरावती, यवतमाळ आणि बुलढाणा हे विदर्भातले चार जिल्हे आहेत. कारणे आपल्या डोळ्यांसमोरच आहेत. कपाशीला आणि संत्र्याला दिलेल्या युरियाचा जो भाग पीक उचलत नाही तो पावसाबरोबर खाली झिरपतो, गुरांच्या कोठ्यामागचा उकिरडा आणि संडासाचा शोषखड्डा अनेक घरी विहिरीला जवळजवळ लागूनच असतो, आणि नायट्रेट मातीला चिकटून राहत नसल्यामुळे ते पाण्याबरोबर सरळ भूजलात उतरते. माझ्या स्वतःच्या आवारात बोअर आणि कोठा यांच्यात अवघे तीस फूट अंतर आहे.

माशांचा विषय बाजूला ठेवून येथे एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. बोअरच्या पाण्यात नायट्रेट ४५ च्या वर निघाले आणि घरात सहा महिन्यांच्या आतले, वरचे दूध घेणारे बाळ असेल, तर ते दूध या पाण्यात कालवू नये, कारण नायट्रेटमुळे अशा बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. तुरटी, ब्लीचिंग पावडर, कोळशाची गाळणी, अतिनील दिवा आणि कापडाची चौपदरी गाळणी यांपैकी कशानेही ते निघत नाही.

आता हिशेब पाहू, कारण हा हिशेब कळला की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. माझ्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि चाऱ्यातून आठवड्याला साधारण २५ मिलिग्रॅम प्रति लिटर नायट्रेटची भर पडत होती. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलत राहिले, तर काही महिन्यांनी टाकी एका ठरावीक पातळीवर स्थिरावते. ती पातळी म्हणजे येणाऱ्या पाण्यातले नायट्रेट, अधिक आठवड्याची भर भागिले बदललेल्या पाण्याचा हिस्सा. माझ्या बाबतीत ती ६० अधिक ७५, म्हणजे पाणी बदलण्याआधी १३५ आणि बदलल्यानंतर ११० इतकी येत होती, आणि वहीतल्या नोंदी याच आकड्यांच्या आसपास घुटमळत होत्या. एक तृतीयांशऐवजी निम्मे पाणी बदलले असते, तर पातळी बदलण्याआधी ११० आणि नंतर ८५ झाली असती. बादल्या दीडपट वाहायच्या आणि पदरात इतकेच पडायचे. रोज सगळे पाणी बदलले, तरी ६० च्या खाली जाण्याचा मार्गच नव्हता. येणाऱ्या पाण्याचा आकडा हा टाकीचा तळ असतो आणि त्या तळाच्या खाली पाणी बदलून जाता येत नाही.

या हिशेबात चाचणीचा आकडाच चुकीचा असला, तर सगळेच फसते, आणि नायट्रेटची चाचणी फसवी आहे. थेंबांच्या बहुतेक किटमध्ये दुसऱ्या बाटलीतले औषध तळाशी बसते आणि ती बाटली नुसती उलटीपालटी करून थेंब टाकले तर आकडा खूपच कमी येतो. मी बाटली आधी टेबलावर हलकेच आपटून घेतो, मग अर्धा मिनिट जोरात हलवतो, थेंब टाकल्यावर परीक्षानळी पूर्ण एक मिनिट हलवतो आणि किटवर लिहिलेली पाच मिनिटे घड्याळ लावून थांबतो. रंग ट्यूबलाइटखाली पाहू नये. ओसरीत येऊन, पाठीमागे पांढरा कागद धरून, दिवसाच्या उजेडात पाहावा. चाळीसच्या पुढचे लाल रंग डोळ्याला सारखेच वाटतात, म्हणून एक भाग टाकीचे पाणी आणि तीन भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून चाचणी करावी आणि आकड्याला चारने गुणावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरायला जे पाणी मिळते ते यासाठी चालते. प्रयोगशाळेचा कागद वाचताना मात्र एक खबरदारी घ्यावी. काही ठिकाणी आकडा नायट्रेटचा असतो, तर काही ठिकाणी नायट्रेट-नायट्रोजनचा, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचा, आणि दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला ४.४३ ने गुणल्यावर पहिला मिळतो. म्हणून दहाचा आकडा पाहून निर्धास्त होण्याआधी तो कशाचा आहे ते वाचावे.

किट घेणे परवडत नसेल तर आधी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. जल जीवन मिशनखाली गावातल्या महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण आणि क्षेत्रीय तपासणी संच दिले गेले आहेत आणि त्यात नायट्रेटची चाचणी असते. त्याशिवाय भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेतच.

येणारे पाणी सुधारण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पावसाचे पाणी. शंभर चौरस फुटांच्या टिनावर २० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १८५ लिटर पाणी मिळते, म्हणजे एका बऱ्यापैकी सरीत दोनशे लिटरचा ड्रम भरत येतो. कवेलूच्या छपराचे पाणी घेऊ नये, कारण त्यावर शेवाळ, पालापाचोळा आणि पाखरांची घाण साचलेली असते. मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी वाया जाऊ द्याव्यात आणि टीन धुऊन निघाल्यावरच पन्हाळीखाली ड्रम लावावा. घर वावराला लागून असेल, तर ज्या दिवसांत शेजारी कपाशीवर फवारणी सुरू आहे त्या दिवसांत पाणी धरू नये, कारण माशांना कीटकनाशकाचा अंशही घातक ठरतो. ड्रम कशाचा आहे याची खात्री करून घ्यावी. गावात जे जुने निळे ड्रम विकायला येतात त्यांत आधी काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. माझ्याकडचे दोन ड्रम खाद्यतेलाचे आहेत. त्यांच्या तोंडाला पातळ धोतराचे कापड घट्ट बांधतो, म्हणजे डासांची अंडी पडत नाहीत.

पावसाचे पाणी निव्वळ वापरू नये, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू काम करताना पाण्यातला, आम्लता रोखणारा क्षार खर्च करतात, पावसाच्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच, आणि अशा टाकीत आम्लता अचानक वाढून जिवाणूंचे कामच थंडावू शकते. आमच्या बोअरचे जड पाणी याच ठिकाणी उपयोगी पडते. गोल्डफिशला जड पाणी मानवते, म्हणून मी दोन बादल्या पावसाच्या पाण्यात एक बादली बोअरचे पाणी मिसळतो. त्या मिश्रणातले नायट्रेट २० च्या आसपास येते आणि क्षारही टिकून राहतो.

दर आठवड्याला निम्मे, म्हणजे ६० लिटर पाणी बदलायचे, तर ४० लिटर पावसाचे पाणी लागते. दोन ड्रम दहा आठवडे पुरतात, म्हणजे पाऊस सरल्यावर डिसेंबरच्या मध्यापर्यंत निभावते. पुढे गावातल्या आरओ केंद्रातून वीस लिटरचे दोन कॅन आणावे लागतात. आरओच्या पाण्यात नायट्रेट पूर्ण जात नाही. यंत्रातला गाळणारा पडदा नवा असताना मोठा भाग अडतो, पडदा जुना झाला की अडवणूक कमी होत जाते. केंद्रावर टीडीएस मीटर दाखवून पाणी उत्तम असल्याचे सांगितले जाते, पण टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजते, नायट्रेट वेगळे मोजत नाही, त्यामुळे तेथल्या पाण्याचीही चाचणी तीन महिन्यांतून एकदा स्वतः करावी. एकदा मला त्या पाण्यात २५ चा आकडा मिळाला होता आणि तो महिना माझ्या वहीत वेगळाच उठून दिसतो.

दुसरी बाजू टाकीत पडणाऱ्या भरीची. गोल्डफिशच्या चाऱ्यात साधारण ३५ टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या सुमारे सोळा टक्के नायट्रोजन असतो. एक ग्रॅम चाऱ्यातला सगळा नायट्रोजन अखेर नायट्रेट झाला असे धरले, तर सुमारे २५० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होते, म्हणजे १२० लिटरच्या टाकीत लिटरमागे दोन मिलिग्रॅमची भर. त्यातला काही भाग माशाच्या वाढीत जातो आणि काही गाळाबरोबर बाहेर पडतो, पण वरची मर्यादा कळण्यासाठी हा हिशेब उत्तम आहे. आमच्या घरी किती चारा पडतो हे मात्र कोणालाच सांगता येईना, कारण चारा चिमटीने दिला जात होता आणि चिमटी प्रत्येकाची वेगळी. शेवटी मी घरातल्या तिघांच्या चिमट्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून सोनाराच्या काट्यावर तोलून आणल्या. माझी चिमटी ०.३ ग्रॅम भरली, पुतण्याची ०.४ ग्रॅम आणि आजीची ०.६ ग्रॅम. दिवसभरात सगळ्यांचे मिळून २.४ ग्रॅम पडत होते आणि ते निम्म्यावर आणायचे ठरल्यावर आजी कळवळून म्हणाली, “भुकेजले दिसून राह्यले बाप्पा, काचेले तोंड लावून हायेत, उपाशी काऊन ठेवतं त्याईले?” तिची माया खरी आहे. गोल्डफिशला जठर नसते, खाल्लेले सरळ आतड्यातून पुढे जाते, आणि त्यामुळे माणूस दिसला की तो खाणे मागतच राहतो, ही गोष्ट तिला समजावून सांगितली. आता रविवारी सात पुड्या बांधून ठेवतो, प्रत्येकीत १.२ ग्रॅम, आणि त्या दिवसाची पुडी आजीच सकाळ-संध्याकाळ मिळून संपवते. कणकेच्या गोळ्या आणि पोहे पूर्ण बंद केले, कारण ते न खाता तळाशी कुजत होते. आठवड्याची भर २५ वरून १२ वर आली ती याच एका बदलाने.

तळाचे खडेही मी कमी केले. तीन इंचांचा थर उचलला, तेव्हा खाली बोटभर जाडीचा काळा, कुजट वासाचा गाळ निघाला. तो गाळ सडत राहतो तोवर नायट्रेटचा कारखाना बंद होत नाही, म्हणून आता अर्ध्या इंचाचाच थर आहे. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, ब्लीचिंग घातलेल्या नळाच्या पाण्याखाली धरू नये, नाहीतर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि नायट्रेटऐवजी अमोनियाची चिंता सुरू होते.

वनस्पतींमध्ये मनीप्लांट सर्वांत सोपा. त्याचे तुकडे फक्त मुळे पाण्यात आणि पाने बाहेर राहतील असे टाकीच्या काठावर अडकवले की तो पाण्यातला नायट्रोजन ओढून वाढतो. मासे कोवळी मुळे कुरतडतात, म्हणून मी ती जुन्या चहाच्या गाळणीत ठेवली आहेत. त्याने आकडा थोडा खाली येतो, पण साठच्या पाण्यावर एकट्या मनीप्लांटच्या भरवशावर राहू नये. जलपर्णीही भरपूर नायट्रेट उचलते, तिला मात्र ऊन लागते, आणि उपटलेली जलपर्णी नाल्यात किंवा तलावात चुकूनही टाकू नये. नायट्रेट शोषणारे रेझिन मिळते आणि ते काम करते, फक्त आमच्या पाण्यावर ते लवकर भरून जाते आणि मिठाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावे लागते.

उन्हाळ्याचा एक सापळा मला उशिरा लक्षात आला. एप्रिलपासून खोलीत कूलर सुरू होतो, पंख्याची हवा टाकीवरून जाते, आणि रोज सुमारे तीन लिटर पाणी उडून जाते. उडते ते निव्वळ पाणी, नायट्रेट मागेच राहते. ती तूट मी बोअरच्या पाण्याने भरून काढत होतो, म्हणजे आठवड्याला एकवीस लिटर पाण्यातून साडेबाराशे मिलिग्रॅम नायट्रेट, अर्थात लिटरमागे दहाची जादा भर, आणि तीही एक थेंब बाहेर न काढता. दर मे महिन्यात माझा आकडा का चढतो, याचे उत्तर इथे होते. उडालेले पाणी भरायला फक्त पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरावे, आणि पातळी कळण्यासाठी काचेवर बाहेरून एक रेघ मारून ठेवावी.

आकडा १३५ वरून खाली आणताना घाई करू नये. ज्या माशांना त्या पाण्याची सवय झाली आहे त्यांना एकाच दिवसात हलक्या पाण्यात ठेवले, तर नव्या माशाला बसतो तसाच धक्का त्यांना उलट्या दिशेने बसतो. मी तीन आठवडे दर तिसऱ्या दिवशी टाकीतले पंधरा टक्के पाणी मिश्रणाने बदलले, पाणी एका सकाळी बादलीत भरून टाकीशेजारी ठेवले आणि दुसऱ्या सकाळी, दोन्हींचे तापमान सारखे झाल्यावर, हळूहळू ओतले. काढलेले पाणी परसातल्या वांग्यांना आणि कढीपत्त्याला घातले. त्यांना ते चांगलेच मानवले.

आता निम्मे पाणी दर रविवारी बदलतो. बदलण्याआधी आकडा ४० ते ४५ च्या आसपास असतो आणि नंतर ३० च्या थोडा वर. गेल्या पावसाळ्यात आणलेला चौथा मासा टिकला आहे. मे महिन्यात आरओच्या कॅनवर भागवावे लागते तेव्हा आकडा पन्नाशी ओलांडतो, म्हणून त्या महिन्यात पुडी एक ग्रॅमचीच बांधतो आणि पहिला पाऊस ड्रममध्ये येईपर्यंत नवा मासा आणत नाही.